लेस्टरमध्ये भाड्याने देण्यासाठी घर घेण्याविषयी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

प्लॉटचे आलेले पैसे इंग्लंडमधील लेस्टरच्या घरात गुंतवून ते भाड्याने द्यावे का, असे तुम्ही विचारले होते. माझे स्पष्ट मत असे की, तुमच्या नावावर येथे घर घेऊ नये.

भाडेकरू मिळण्याची चिंता नाही. पावणेचार लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरात दोन विद्यापीठे आणि मोठी रुग्णालये आहेत. मात्र केवळ विद्यार्थ्यांवर भिस्त ठेवता येणार नाही, कारण जानेवारी २०२४पासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणता येत नाही.

खरी अडचण हिशेबात आहे. समजा, दोन लाख पौंडांचे, भिंतीला भिंत लागून असलेले दोन बेडरूमचे जुने घर घेतले. नाशिकचे राहते घर तुमच्या नावावर असल्यामुळे हे दुसरे घर ठरते; त्याचा ५ टक्के आणि परदेशस्थ खरेदीदाराचा २ टक्के अधिभार धरून मुद्रांक शुल्कच १५,५०० पौंड होते. महिना हजार पौंड भाडे धरले, तरी एजंटचे कमिशन, विमा, दरवर्षीची गॅस तपासणी, दुरुस्ती आणि रिकामे जाणारे दिवस वजा जाता वर्षाला साडेआठ हजार हाती राहतील, म्हणजे जवळपास दोन वर्षांचे भाडे केवळ ते शुल्क भरून काढण्यात जाईल, आणि प्राप्तिकर त्यानंतरचा.

शिवाय भारतातून एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, आणि दहा लाख रुपयांवरील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्र भरल्यावर जमा धरला जातो, पण तोवर पैसा अडकतो.

माझ्या नावावर कर्ज काढावे, ही दादाची सूचनाही मी तपासली. येथे कर्जाचे व्याज भाड्यातून वजा होत नाही, त्यावर फक्त २० टक्क्यांची करसवलत मिळते, आणि माझा कर ४० टक्क्यांच्या टप्प्यातला आहे.

१ मे २०२६पासून कारण न देता घर रिकामे करून घेण्याची तरतूद रद्द होते. मी स्वतः भाडेकरू असल्याने मला हा कायदा न्याय्य वाटतो. परंतु त्याखालची घरमालकाची जबाबदारी नाशिकहून निभावणे तुम्हाला जड जाईल.

दादाने पाठवलेल्या माहितीपत्रकातील फ्लॅटसाठी तर टोकनही देऊ नये. तो लीजहोल्ड आहे. जमीन दुसऱ्याची राहते आणि देखभाल शुल्क किती वाढेल, हे आपल्या हाती नसते. तूर्त पैसे मुदत ठेवीतच राहू द्यावेत.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमचा,
सुहास