पूनम गेटवर शांतपणे बसलेल्यांची बातमी का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्याच पानावर जळत्या टायरचा चार कॉलमी फोटो पाहिला. अर्धा तास वाहतूक खोळंबली, एवढीच ती घटना. त्याच्या आदल्या दिवशी, सोलापुरात आंदोलनाला बसतात त्या पूनम गेटसमोर विडी कामगार महिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत धरणे धरून बसल्या होत्या. त्यांच्याबद्दल आतल्या पानावर कोपऱ्यातसुद्धा एक ओळ नाही.

त्यांच्यात माझी आई होती. तिची हयात विड्या वळण्यात गेली. पाठ धरलेली असतानाही ती उन्हात बसली. पोलिसांची रीतसर परवानगी होती, रस्ता मोकळा ठेवला होता. निवेदन देऊन सगळ्याजणी गुपचूप घरी आल्या. मागणी काय, तर पेन्शन वाढवा. ईपीएस-९५ म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवरच अडकली आहे. एवढ्यात बीपीच्या गोळ्या आणायच्या की तांदूळ, ते तुम्हीच सांगा. आई तेलुगू बोलते, तिला मराठी वाचता येत नाही. सकाळी अंक माझ्यापुढे धरून ती प्रत्येक फोटोवर बोट ठेवत विचारत होती, "आमचं हेच का?"

आपला प्रतिनिधी तिथे येऊन गेला. उद्या छापून येईल का, असे मी विचारले. "काही झालं तर येईल," म्हणाला. काय व्हायला हवे होते? दगड पडायला हवा होता, की एखादी म्हातारी चक्कर येऊन पडायला हवी होती?

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी चालत निघाले, तेव्हाही बहुतेक वाहिन्यांना ते मुंबईच्या वेशीवर आल्यावरच दिसले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून ती माणसे रात्रीतून आझाद मैदानावर पोचली, तेव्हा मात्र त्या समजूतदारपणाचीच मोठी बातमी झाली. मग आमच्या बायकांनी रस्ता अडवला नाही, याची का होऊ नये? इंग्रजांनी फाशी दिलेल्या आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन स्वतः वृत्तपत्र चालवत होते. त्यांच्या गावात तरी हा प्रश्न विचारावा लागू नये.

जाहिराती आल्या की जागा उरत नाही, हे मला कळते. फोटो नको, पण मागणी काय आहे, एवढे तरी छापा.

आणखी एक. पूर्व भागात पाणी कधी येणार, ते आपण छापत होता. ते का बंद केले? चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी बायका पहाटेपासून नळाशी बसून असतात.

आपला,
एका विडी कामगार आईचा मुलगा,
अशोक चौक, सोलापूर