कळलावीचा कंद पोटात घ्यायचा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कळलावीवरचा लेख वाचला. फोटो झकास आला आहे. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, वर लालभडक, कडा वळवळलेल्या, पानाच्या शेंड्याचा कुरळा ताणासुद्धा स्पष्ट दिसतो. छायाचित्रकाराला माझ्यातर्फे शाबासकी द्या. लेखकाला काय द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

सांधेदुखीवर कंद उगाळून सकाळी अनशापोटी दुधातून घ्यावा, असं आपण छापलं आहे. अनशापोटी! म्हणजे विष अंगात भिनायला मध्ये पोळीभाजीचीही अडचण नको.

मी एरवी पेपरवाल्यांना पत्रं लिहीत बसत नाही. पण आज सकाळी शेजारचे काका पुरवणीची घडी काखेत घालून दारात उभे. त्यांना गाऊट आहे, अंगठा सुजला की चप्पल घालवत नाही. म्हणाले, "बाई, तुमच्या कुंपणावर हाच वेल ना? एक कंद काढून द्या की." मी नाही म्हटलं. वेलीचा एवढा काय तो कंजूषपणा, अशा चेहऱ्यानं ते परत गेले. तुमच्या पेपरवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे आणि माझी उभी नोकरी तळकोकणातल्या सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून गेली, ही गोष्ट त्यांच्या लेखी नगण्य आहे.

आधुनिक विज्ञानानंही कळलावी मानली आहे, असा दाखला लेखकानं दिला आहे. खरंच आहे ते. कळलावीत कोल्चिसिन असतं आणि गाऊटवर डॉक्टर कोल्चिसिन देतात. तमिळनाडूत शेतकरी या वेलीची रीतसर लागवड करतात, बिया औषध कंपन्यांकडे जातात. पण आपल्याकडे मिळणारी गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. वजनाच्या दर किलोमागे ०.८ मिलिग्रॅम पोटात गेलं तर माणूस बहुधा हाती लागत नाही आणि त्याहून कमी मात्रेतही माणसं दगावलेली आहेत. पन्नास किलोच्या बाईला चाळीस मिलिग्रॅम पुरे. कंदात ते किती आहे हे कंदाकडे बघून कळत नाही. सहाणेवर किती वेढे दिले म्हणजे अर्धा मिलिग्रॅम उतरतो, एवढं लेखकानं सांगून टाकलं असतं तर आम्ही अडाणी लोक सुटलो असतो. आणि जास्त झालं तर उतारा काय, तेही. कारण दवाखान्यात यावर नेहमी मिळेल असा उतारा नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. लावणीचे दिवस होते. गुडघे धरले म्हणून एका बाईनं कुणाच्या तरी सांगण्यावरून हाच कंद उगाळून घेतला. दुपारपर्यंत उलट्या आणि जुलाब. चादरीच्या झोळीतून चौघांनी तिला आमच्याकडे आणलं. तेव्हा गॅस्ट्रोची साथ चालू होती, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी गॅस्ट्रोच धरला आणि सलाइन लावलं. काय खाल्लं म्हणून विचारलं तर सासू एकच सांगत होती, "काय्येक खाल्ल्यान नाय." संध्याकाळी बाईला जरा हुशारी आली, पेज मागितली. सासरे घरी न्यायच्या गोष्टी करू लागले. हाच या विषाचा कावा. पहिला झटका ओसरतो, सगळ्यांना वाटतं सुटलो, आणि मग एक-दोन दिवसांत ते रक्तापर्यंत पोहोचतं. तिचा धाकटा मुलगा पायाशी बसून होता. त्यानं आपणहून सांगितलं, आईनं गौरीच्या फुलाची, म्हणजे कळलावीची, मुळी घेतली.

मग जीप मिळवणं, पुलावरून पाणी होतं ते ओसरायची वाट बघणं, ते सगळं झालं. केसपेपरवर मी ठळक अक्षरांत वनस्पतीचं नाव लिहून दिलं होतं. मोठ्या रुग्णालयात ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि हसले. "सिस्टर, झाडपाल्यानं कोण मरतं?" तिसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पांढऱ्या पेशी ढासळल्या, ताप उतरेना, तेव्हा तेच डॉक्टर माझा केसपेपर शोधत होते. त्यांचा राग अजून गेलेला नाही माझा. तुमच्या लेखकानं तो पुन्हा वर काढला, कारण दोघांचं म्हणणं एकच आहे, झाडाचं आहे म्हणजे निर्धोक आहे.

बाई वाचली. पण दोन आठवड्यांनी तिचे केस पुंजक्यापुंजक्यांनी गळू लागले, उशीवर, फणीत, जेवणाच्या ताटात. भुवयासुद्धा विरळ झाल्या. कोल्चिसिनचं हे ठरलेलं आहे, वाढणाऱ्या पेशी आधी मारतं. पुढे केस परत आले, पण तोवर वाडीत कुणी देवीचा कोप म्हणालं, कुणी करणी. त्या वर्षी गौरीच्या ओवशाला ती डोक्यावरून घट्ट पदर घेऊन कोपऱ्यात बसली होती, आणि पुढ्यात सुपात हीच फुलं.

पारंपरिक ज्ञान पारंपरिक ज्ञान म्हणून आपण रकाने भरता, त्यावरही एक सांगते. त्याच गावात एक म्हातारी सुईण होती. तिचं माझं कधी पटलं नाही. बाळंतपणात वार अडकली की ती कळलावीच्या कंदाचा लेप तळपायांना आणि बेंबीखाली लावायची. मला ते मान्य नव्हतं, आजही नाही. वार अडकली की बाईला दवाखान्यात न्यायचं, लेप बघत बसायचं नाही. पण तिची शिस्त बघा. कंद फडक्यात बांधून आढ्याला टांगलेला, पोरांचा हात पोहोचणार नाही असा. उगाळायची सहाण वेगळी, ती घरात आणायची नाही. वार पडली की त्या क्षणी लेप धुऊन काढायचा आणि हात राखेनं घासायचे. तोंडात घालायचा विषय कुणी काढला तर ती त्याला शिव्या घालून हाकलायची. तुमच्या लेखातून ही सगळी शिस्त गळाली, उरला तो कंद आणि दूध.

आयुर्वेदाचं नाव लेखात जागोजाग आहे. त्याच आयुर्वेदात लांगली म्हणजे ही कळलावी उपविषांत मोजली आहे, धोतरा, गुंज, कण्हेर, अफू यांच्या रांगेत. गोमूत्रात भिजवून शोधन केल्याशिवाय, म्हणजे विषारीपणा कमी केल्याशिवाय, ती वापरत नाहीत. शोधनाचा लेखात उल्लेखही नाही, बहुधा जागा पुरली नसेल. सरकारलाही ही गोष्ट ठाऊक आहे. १९४५ च्या औषध नियमांतल्या अनुसूची ई (१) मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत, लांगली आहे. ती घातलेलं पोटात घ्यायचं औषध विकायचं तर बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापावी लागते. बाटलीला नियम आहे, पुरवणीला नाही.

तळाशी सूचना छापली होती, असं आपण म्हणाल. होती. नारिंगी पट्टीवर पांढरी, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मला भिंग लागलं. काकांकडे भिंग नाही.

उगाच कुणी असाही अर्थ काढू नये की कळलावी दिसली की उपटून टाका. कुंपणावर असू द्या, फुलं गौरीला वाहा, हात धुवा. तमिळनाडूनं तर तिला राज्यफूल केलं आहे, म्हणून तिथले लोक सांबारात घालत नाहीत. करांदे, कणगी असे खायचे कंद उकरणाऱ्यांनी मात्र जपावं. मातीतून निघालेला कंद पोरांना सगळा सारखाच दिसतो.

खुलासा छापणार असाल तर त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या मथळ्यानं छापा. आतल्या पानावर निविदांच्या खाली "चूकभूल" म्हणून नको. आणि गौरी यायच्या आत छापा. लोक फुलांसाठी रानात जाणारच आहेत, तुमच्या कृपेनं यंदा सोबत खुरपंही नेतील.

कळावे.
आपली एक जुनी वाचक,
निवृत्त परिचारिका, जि. सिंधुदुर्ग

ता. क. : पुरवणीतल्या शब्दकोड्याची उत्तरं आता उलटी छापता, तीही फिक्या करड्या शाईत. पूर्वीसारखी दुसऱ्या दिवशी सरळ छापत होता ते काय वाईट होतं? आणि गेल्या रविवारी आडव्या सातला चौकटी चार आणि उत्तर पाच अक्षरी होतं.