भोसरीच्या काकांना, रेकॉर्ड्सच्या वतीने

काका, सप्रेम नमस्कार.

बाबांच्या रेकॉर्ड्स धुऊन झाल्या. पेठेतल्या घरात ओल धरून खाचांत बसलेली बुरशी गेली. फोनवर आभार मानले की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता, म्हणून हे जाहीर पत्र.

अल्ट्रासॉनिक मशिन, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी टाकीतल्या पाण्यात बारीक बुडबुडे उठवून मळ काढणारं यंत्र, रेकॉर्डला सुरक्षित आहे का, हे मी भेटेल त्याला विचारत होते. कुणी म्हणे काही होत नाही, कुणी म्हणे खाचा कुरतडल्या जातील. असल्या टाक्या दुरुस्त करण्यात हयात घालवलेले तुम्ही मात्र मलाच विचारलंत, "किती किलोहर्ट्झ? पाणी किती गरम? किती वेळ?"

मग टाकीत अ‍ॅल्युमिनियम फॉइल उभा धरलात. बघता बघता त्याला भोकं पडली आणि माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही हसलात. फॉइल म्हणजे रेकॉर्ड नव्हे. बुडबुडे कुठे जोरात फुटतात, एवढंच त्यावरून कळतं. 40 किलोहर्ट्झला (सेकंदाला 40 हजार कंपनं) बुडबुडे मोठे, फुटतातही जोरात. 80 किंवा 120 ला बारीक आणि सौम्य. म्हणून रेकॉर्ड एका जागी थांबू द्यायची नाही, सावकाश फिरवत ठेवायची, दोन रेकॉर्ड्समध्ये अंतर सोडायचं, लेबल कोरडं ठेवायचं.

खरी भीती उष्णतेची, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. हीटर बंद असला तरी मशिन चालून चालून पाणी तापतं, आणि तापलं की व्हिनाइल, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, वाकतं. पस्तिशी ओलांडली की थांबायचं, हा तुमचा नियम मी टाकीवर चिकटवलाय. (पाण्याची पस्तिशी, माझी कधीच उलटली.)

टाकीत अल्कोहोल ओतू दिलं नाहीत, त्याचे तर वेगळे आभार. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ 12 अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. पुण्यात डिसेंबरच्या दुपारीसुद्धा पारा त्याच्या वरच असतो. बालगंधर्वांच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या तर तुम्ही आधीच बाजूला काढायला लावल्यात. त्या लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना मी मशिनजवळही नेलं नाही.

पहिली धुतली ती जुन्या बाजारातली, कुणालाच नको असलेली रेकॉर्ड. तीही तुमचीच अट.

मजुरी घेतली नाहीत ती नाहीतच. आता एखाद्या रविवारी काकूंना घेऊन ऐकायला या. येताना पान्हे आणू नका.

तुमची,
पेठेतली रेकॉर्डवाली