चढावर अडकणारा सीट बेल्ट: चुकीचा रिट्रॅक्टर बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या जुन्या दहाचाकी ट्रकचा ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट तुमच्या फोंड्यातल्या अधिकृत वर्कशॉपने बदलला. गाडी पूर्वी खाणीवर होती. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हापासून बेळगावच्या भाड्याला जाते. जुन्या रिट्रॅक्टरमध्ये, म्हणजे पट्टा गुंडाळून घेणाऱ्या रिळाच्या पेटीत, तांबडी धूळ इतकी बसली होती की ओढलेला पट्टा आत जाईना, मांडीवर लोंबत राही. तो बदलायलाच हवा होता. तक्रार नव्याबद्दल आहे.

नवा पट्टा सपाट रस्त्यावर नीट चालतो. मोले सोडून अनमोडचा घाट लागला की अडकतो. आरशात बघायला ड्रायव्हर पुढे वाकला तर पट्टा सुटत नाही. खड्ड्यात सीट उसळली की दोन बोटं आत जातो आणि ती परत देत नाही. माथ्यावर पोचेपर्यंत छाती आवळली जाते. परतीच्या उतारावर मात्र तोच पट्टा मोकळा.

वर्कशॉपमध्ये दाखवलं तेव्हा फोरमनने पट्ट्याला हिसका मारला, पट्टा अडकला आणि ‘लॉक होतो म्हणजे चांगला आहे’ म्हणून गाडी परत दिली. ही तपासणी अर्धीच झाली. रिट्रॅक्टरमध्ये दोन वेगळे खटके असतात. पट्टा एकदम जोरात ओढला गेला की रिळाबरोबर फिरणारी जड चकती मागे रेंगाळते आणि खिट्टी दात्यांत जाते; हिसक्याने तपासला तो हा. दुसऱ्याचा पट्ट्याशी संबंधच नाही. वाटीत एक पोलादी गोळी असते. जोरात ब्रेक लागला किंवा गाडी कलंडू लागली की गोळी वाटीच्या कडेवर चढते, वरची पट्टी उचलते आणि रिळ अडकवते. ब्रेक कुठला आणि नुसता कल कुठला, हे गोळीला कळत नाही. म्हणूनच रिट्रॅक्टर कुठल्या कोनात बसवायचा ते ठरलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या सीट बेल्टसाठीच्या १६ क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे त्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कललं तरी असा रिट्रॅक्टर लॉक होता कामा नये.

माझ्या केबिनचा खांब मागे कलता आहे. तुम्ही दिलेला भाग उभ्या खांबासाठीचा दिसतो. भोकं जुळेनात म्हणून मेकॅनिकने ब्रॅकेट वाकवली, मध्ये वॉशर घातले आणि बोल्ट आवळला. गाडी सपाट जागेवर उभी करून मी मोबाइलच्या लेव्हलने मोजलं: खोक्यावरच्या चित्रात दाखवलेल्या स्थितीपेक्षा रिट्रॅक्टर जवळजवळ १० अंश मागे झुकलेला आहे. त्यात घाटाचा चढ मिळाला की सूट संपली. उतारावर तोच कल वजा होतो, म्हणून पट्टा मोकळा.

फोरमनने सुचवलेले उपायही ऐका. एक, पट्ट्याला चिमटा लावा. म्हणजे पट्टा ढिला राहणार आणि अपघातात ती ढील संपेपर्यंत माणूस स्टिअरिंगवर आपटणार. दुसरा, आत तेल सोडा. तेलावर धूळ कशी बसते हे खाणपट्ट्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही!

जास्त लॉक होणारा पट्टा जास्त सुरक्षित, हेही मला पटत नाही. ड्रायव्हर घाटात तो काढूनच ठेवतो. मी त्याला कुठल्या तोंडाने रागावू? वर बेल्ट न लावल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली १,००० रुपयांचा दंड, तो वेगळाच.

या केबिनसाठीचाच रिट्रॅक्टर आणि न वाकवलेली नवी ब्रॅकेट विनामूल्य बसवून द्यावी. बसवल्यावर मोकळ्या जागेत गाडी हळू चालवून ब्रेक मारून तपासावं, आणि बसवलेला कोन जॉबकार्डवर लिहावा. बिलाची प्रत व फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तोवर ही गाडी घाटात पाठवणार नाही. बुडालेल्या भाड्याचा हिशेब तक्रारीत धरला जाईल.

आपला,
एक ट्रकमालक, उसगाव-तिस्क