"आज किती गोल मारलेस?"

प्रिय आई-बाबा,

फोन केला की आई आधी गुडघ्याचं विचारते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितोय. हा फुटबॉलचा हंगाम संपला की मी थांबतोय. क्लब आणखी एक वर्षाचा करार द्यायला तयार होता, मीच नको म्हटलं.

बाबा, पहिल्या सामन्यापासून तुमचा एकच प्रश्न असतो, "आज किती गोल मारलेस?" इतक्या वर्षांत सांगण्यासारखे मोजून पाच-सहा. एक तर आपल्याच जाळ्यात मारला. तो तुम्ही टीव्हीवर पाहिलात आणि पुढच्या फोनवर पहिल्यांदाच गोलांचं काही विचारलं नाहीत. ते माझ्या लक्षात आहे.

सेंटर-बॅकचा, म्हणजे मधल्या बचावपटूचा, दिवस चांगला गेला, तर सांगायला काही उरतच नाही. आम्ही चौघे एका ओळीत उभे असतो. समोरच्यांनी चेंडू मागे दिला की मी ओरडतो, "वर!", आणि चौघे एकदम पुढे सरकतो. त्यांचा स्ट्रायकर (गोल मारायला पुढे असणारा) बेसावध राहून आमच्या ओळीमागे सापडला की ऑफसाइड, त्याची चाल रद्द. पण आमच्यातल्या एकाचा पाय जरी मागे राहिला, तरी सगळं मुसळ केरात. स्ट्रायकर अंगावर आला की त्याच्या पायांकडे बघायचं नाही, कमरेकडे बघायचं. पाय हूल देतात. घसरत जाऊन टॅकल केला की लोक टाळ्या वाजवतात, मला मात्र कळतं की दोन क्षण आधी मी भलत्या जागी उभा होतो.

इटलीच्या माल्दिनींकडे बाप-लेक दोघेही बचावपटू. १९६३ मध्ये वडिलांनी मिलान क्लबचे कर्णधार म्हणून युरोपियन चषक उचलला, २००३ मध्ये मुलाने. त्या घरात गोलांचा हिशेब कोणी मागत नसेल!

आता आईला न सांगितलेली गोष्ट. मागच्या महिन्यात कॉर्नरवर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या चेंडूवर, उडी मारली आणि दुसऱ्या एकाच्या डोक्यावर डोकं आपटलं. डॉक्टर धावत आले, म्हणाले, "कुठला हाफ चालू आहे?" मी म्हटलं, दुसरा. पहिला चालू होता. मला तिथूनच बाहेर काढलं. रागाव, पण वाच पुढे.

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये मांडलं की, मेंदू झिजवणाऱ्या आजारांचा धोका बचावपटूंना सामान्य लोकांच्या साधारण पाचपट, गोलकीपरना मात्र जवळपास सामान्य लोकांएवढाच. डोक्याने चेंडू खेळण्यावर त्यांचा संशय आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सरावात जोराचे हेडर आठवड्याला दहाच, अशी मर्यादा घातली. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही तेवढे दहा मिनिटांत मारायचो. हे सगळं मी तेव्हाच वाचलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. त्या चुकलेल्या उत्तरानंतर ठेवता येईना.

गुडघ्याचंही सांगून टाकतो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी जिना तिरका होऊन उतरतो, बाबा, अगदी तुमच्यासारखा. वय फक्त चौतीस.

डॉक्टरांनी पुन्हा खेळायला परवानगी दिली आहे. शेवटचा सामना टीव्हीवर दाखवतील. चेंडू कुठे आहे ते सोडा, बाबा. मी कुठे उभा आहे ते बघा. आई, कॉर्नरला तू डोळे मिटलेस तरी चालेल.

तुमचा,
धाकटा