तू त्या दिवशी दारात होतास

सोलापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय लका,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू 'हां हां, बोल की' म्हणत राहतोस, मागं भिवंडीचे माग खडखडत असतात, आणि मी मूळ गोष्ट सोडून नळाला पाणी कधी आलं यावर येतो. (परवा आलं. आता कधी येईल ते सिद्धेश्वरालाच माहीत.) म्हणून कागद घेतलाय. हसू नको.

पोरगं दिवाळीला आलंय. काल रात्री त्यानं लॅपटॉपवर एक जुना इंग्रजी पिक्चर लावला, 'केस'. मला वाटलं कोर्टकचेरीचा असेल. तर केस हे एका पाखराचं नाव. १९६९ चा पिक्चर, केन लोच म्हणून दिग्दर्शक आहे त्याचा. बॅरी हाइन्स नावाच्या लेखकाची त्याच्या आदल्याच वर्षी आलेली कादंबरी, तिच्यावरून काढलेला. इंग्लंडात यॉर्कशायरला बार्नस्ली म्हणून गाव आहे, सगळा कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथला बिली कॅस्पर, पंधरा वर्षांचा, काटकुळा, बाप घर सोडून गेलेला. मोठा भाऊ, नाव त्याचं जड, खाणीत कामाला. पिक्चर सुरू होतो तेव्हा दोघं भाऊ एकाच पलंगावर झोपलेत, बाहेर अंधार, घड्याळाचा गजर वाजतोय आणि जडला उठवत नाही. मी तिथंच पोराला म्हणालो, थांबव जरा, पाणी पिऊन येतो. तहान लागली नव्हती.

भाषेचं सांगतो. तिथली माणसं जे बोलतात ते इंग्रजी शिकलेल्या माझ्या पोरालाही धड कळेना, खाली अक्षरं वाचत होता. तुला आठवतं, पुण्यात इंटरव्ह्यूला गेलो होतो तेव्हा मी 'काय करायलाव' म्हटल्यावर ते चौघं कसे एकमेकांकडं बघून हसले होते? लोचनं या लोकांची बोली पुसून काढली नाही, एवढ्यावरच माणूस मला आवडला. आणि बिलीचं काम करणारा डेव्हिड ब्रॅडली हाही त्याच भागातला पोरगा. तो नट वाटतच नाही. आपल्या शाळेतल्या शेवटच्या बाकावरून उचलून आणल्यासारखा दिसतो.

फुटबॉलचा भाग मात्र तुझ्यासोबत बघायला हवा होता. पी.टी.चे सर पोरांची मॅच लावतात. एका टीमचे कॅप्टन स्वतः, आणि रेफ्रीही स्वतःच! अंगात लाल जर्सी, आपण तो इंग्लंडचा मोठा फुटबॉलवाला बॉबी चार्लटन आहोत अशा थाटात मैदानभर पळतात, पोरांना ढकलतात, स्वतःच स्वतःला पेनल्टी देतात. त्यांचं काम करणारा ब्रायन ग्लोव्हर खऱ्या आयुष्यात मास्तरही होता आणि कुस्त्याही खेळायचा. बिलीकडं किट नाही म्हणून त्याला भलीमोठी चड्डी दिलीय, ती छातीपर्यंत ओढून तो गोलवर उभा. मी आणि पोरगं पोट धरून हसलो. मग बिलीच्या हातून गोल सुटतो, मॅच जाते, आणि सर त्याला शॉवरखाली कोंडून गार पाणी सोडतात. हसू घशातच अडकलं. आपले ते शिट्टीवाले सर तुला आठवले असतील. नाव घेत नाही, गेले बिचारे. पण मे महिन्यात अनवाणी मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे, आणि आपणच नंतर त्यांची नक्कल करून हसायचो.

आता पाखराचं. केस्ट्रेल म्हणजे ससाण्याच्या जातीचा लहान शिकारी पक्षी. आपण बघितलाय, लका. हिवाळ्यात नान्नजच्या माळावर सायकली आडव्या टाकून बसायचो तेव्हा हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला असायचा, कुणी वरून दोरीनं टांगल्यासारखा, तोच. आपल्याकडं त्याला खरुची म्हणतात म्हणे. तर बिली पडक्या भिंतीतल्या घरट्यातून पिल्लू काढून आणतो. ते वाढवायचं कसं हे शिकायला पुस्तक हवं, लायब्ररीत घरच्यांची सही मागतात, मग पठ्ठ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तक ढापतो. एरवी शाळेत ज्याला दोन ओळी नीट वाचवत नाहीत तो हे पुस्तक पान न् पान वाचून काढतो. वर्गात एका मास्तरांनी बोलतं केल्यावर उभा राहून पाखराच्या पायातला चामड्याचा बंद कसा बांधायचा, दोरीवरून त्याला पहिल्यांदा मोकळं सोडताना पोटात कसा गोळा येतो, हे असं सांगतो की सगळा वर्ग गप्प. पाळीव म्हटलेलं त्याला खपत नाही. तो पक्षी कुणाचा होत नाही, तो आपल्याला जवळ येऊ देतो एवढंच, असं त्याचं म्हणणं.

हे मास्तर चांगले आहेत, माळावर येऊन पाखरू बघूनही जातात. पण माझ्या मते लोक त्यांचं उगीच कौतुक करत असणार. ते बघतात, आणि गाडीत बसून जातात. आपल्याकडच्या पिक्चरात असते तर बिलीला घरी नेऊन शिकवलं असतं आणि शेवटी बक्षीस समारंभ झाला असता. इथं तसलं काही नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' बघून आलो होतो तेव्हा तू स्टँडपर्यंत एक शब्द बोलला नव्हतास. त्यातही पाखरूच, जब्याची ती काळी चिमणी. पण 'फँड्री' बघताना मी जब्या होतो. 'केस' बघताना मी बिली नव्हतो, हेच तुला सांगायचंय.

जड सकाळी शर्यतीतल्या घोड्यांवर लावायला पैसे ठेवून जातो. बिलीला कुणीतरी सांगतं, ते घोडे काही येत नाहीत. तो त्या पैशांतून खायला घेतो, पाखरासाठी मटण घ्यायला जातो तर खाटीक ते फुकटच देतो. आणि दोन्ही घोडे येतात. त्या पैशांत जडला आठवडाभर खाणीत उतरावं लागलं नसतं. बिली हाताला लागत नाही, म्हणून तो पाखराची मान मुरगळतो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतो.

पोरगं म्हणालं, "पप्पा, काय हरामखोर भाऊ आहे."

मी म्हणालो, हां.

लका, तुला मयूरपंखी आठवते? आमच्या धाकट्याची, बारक्याची? वडिलांची मिल बंद पडली, आई दिवसाला हजार विड्या वळून ब्रँचला नेऊन देत होती, त्यातल्या कितीतरी छाटात, म्हणजे खराब म्हणून बाद, जात होत्या, आणि मी एकोणिसाव्या वर्षी रात्रपाळीला दोन माग धरले होते. बारक्या चौदाचा. शाळा सुटली की तो साखर पेठेत चादरीचं डिझाइन काढणाऱ्याकडं जाऊन बसायचा. त्यांनी त्याला ग्राफचे कागद दिले होते. भरलेली चौकट म्हणजे धागा वर, रिकामी चौकट म्हणजे धागा खाली. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या शिवून माळ करायची आणि जेकार्डला, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्राला, चढवायची. हे सगळं तो मला अंथरुणात सांगायचा आणि मी झोपलेला असायचो. मोराची मान त्याला जमत नव्हती. चौकटी चौकटीत वळण काढलं की जिन्याच्या पायऱ्या दिसायच्या. खोडून खोडून कागद तिथं इतका पातळ झाला होता की कंदिलासमोर धरला तर फक्त मानच उजळायची. दोन महिन्यांनी जमली. त्यानं मला उठवून दाखवली होती. 'झोपू दे बे' म्हणालो होतो मी.

मग मला ताप आला. मालकाला सांगून ठेवलं होतं, आज रात्री बारक्या येईल, कांड्या भरेल, तुटलेला धागा जोडेल, बाजूचा गडी लक्ष ठेवेल. एका रात्रीची झोप, दुसरं काय मागत होतो मी? बारक्या गेलाच नाही. डिझाइनवाल्याकडं रंग भरत बसला. सकाळी माझे दोन्ही माग दुसऱ्याला दिलेले, आणि मालक उचल परत मागायला दारात.

पुढचं तुला माहीत आहे. पत्र्याच्या पेटीतून कागदांची गुंडाळी काढली आणि बंबात घातली. आई विड्यांचा कट्टा मोजत होती. पंचविसाची मोजणी पुरी झाली तेव्हा तिनं मान वर केली आणि म्हणाली, "पाणी तापलं असेल, अंघोळ करून घे." बिलीची आईही अशीच आहे. मेलेलं पाखरू समोर धरलं तरी तिला ते नुसतं पाखरूच.

बारक्यानं पुन्हा पेन्सिल धरली नाही. पुण्यात टेम्पो चालवतो, स्वतःचा आहे, हप्ते फिटले. गड्ड्याच्या जत्रेला दर वर्षी येतो, पोरांना पाळण्यात बसवतो, माझ्या पाया पडतो. आमच्यात वाईट काही नाही. हेच तर. बार्नस्लीच्या खाणी बंद पडल्या, आपल्या मिलची धुराडी थंड झाली, बारक्या वहिनीला म्हणतो सोलापुरी चादरीसारखी चादर नाही, आणि मी चहा पितो.

रात्रभर एका गोष्टीवर अडलोय. पिक्चरमध्ये बिली मेलेलं पाखरू हातात घेऊन घरभर ओरडतो, जडच्या अंगावर धावून जातो, मग एकटाच जाऊन ते पुरतो. आणि मला बारक्याचा त्या वेळचा चेहराच आठवत नाही. बंबाचं झाकण आठवतं, तो कागद आधी पिवळा झाला मग कडेनं वळला ते आठवतं, आईचं विड्यांचं सूप आठवतं. तो कुठं उभा होता, काय म्हणाला, रडला का, काहीच नाही.

तू मॅटिनीला बोलवायला आला होतास. दारात होतास, एक चप्पल पायात, एक हातात. अंगठा तुटला होता. तू बघितलं असशील. तो काय म्हणाला होता, लका? खरं ते लिही, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको. फोन करू नको, बायको-पोरगं घरात असतात.

अम्माचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? चटणी पाठवतोय, शेंगाची, तिखट जरा जास्त झालंय.

तुझा,
मी