आडनाव कागदी, पण कागद नाही

महोदय,
आमचे आडनाव कागदी. एरंडोलला पूर्वी हातकागद बनायचा, यावललाही. घराण्याचा माग काढायला निघालो, तर आजोबांच्या मागे पाऊल सरकेना. शाळेच्या जुन्या दाखल्यावर त्यांच्या वडिलांचा धंदा ‘मजुरी’! आजी सांगायची, जुनी गोणपाटे चुन्यात भिजवून कुटायची, हौदातल्या लगद्यात छापरी, म्हणजे बारीक काड्यांची चाळण, बुडवून एकेक ताव उचलायचा, वाळला की दगडाने घोटायचा. फ्रान्सच्या रोबेरने १७९९ साली सलग कागदाच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचे नाव छापलेले सापडते, आमच्या खापरपणजोबांचे घरातही नाही. कुणा व्यापाऱ्याच्या माळ्यावर जुन्या चोपड्या असतील, तर रद्दीत घालण्याआधी कागद पुरवणाऱ्याचे नाव तेवढे बघावे. वाळवी लागलेली चोपडीही चालेल.

– एक वाचक, एरंडोल